‘फोर बाय फोर’ गाडी गुणगुणू लागते तेव्हा...

आवाज कोठून येतो यापेक्षा तो केव्हा येतो, हे आधी पाहणे हिताचे

अमरावती, प्रतिनिधी :
अमरावतीहून परतवाडामार्गे चिखलदऱ्याला किंवा अकोल्याहून अकोटमार्गे शहानूर-नरनाळ्याकडे जाणाऱ्या जीप, जिप्सी आणि ‘एसयूव्ही’ वर्गातील गाड्यांच्या मालकांची एक तक्रार येथील गॅरेजवाल्यांच्या चांगल्या परिचयाची आहे. गाडी साठ-सत्तरच्या वेगाला पोहोचली, की तळाकडून संथ आणि एकसुरी ‘घूंऽऽ’ असा आवाज सुरू होतो. वेग वाढला की सूर चढतो, वेग उतरला की तोही उतरतो. इंजिन ठणठणीत असते, ब्रेक व्यवस्थित लागतात, ॲव्हरेजही पूर्वीइतकेच असते. आवाज मात्र दिवसेंदिवस वाढत जातो.

अशा वेळी एक मिस्त्री गिअरबॉक्सकडे बोट दाखवितो, दुसरा मागच्या डिफरन्शियलकडे, तर तिसरा टायर बदलण्याचा सल्ला देतो. वाहनधारक एकेक भाग बदलत जातो, खर्च वाढतो आणि अनेकदा एवढे करूनही आवाज कायम राहतो. याचे कारण मिस्त्रीच्या अप्रामाणिकपणात शोधण्याची गरज नाही. पोलादी सांगाड्यातून आवाज सहज प्रवास करतो. पुढच्या चाकाच्या बेअरिंगची घरघर मागच्या आसनाखालून आल्यासारखी वाटते, तर मागच्या डिफरन्शियलचा सूर चालकाच्या पायापाशी ऐकू येतो. केवळ कानाने जागा ठरवू गेल्यास फसगत होण्याचीच शक्यता अधिक. कान एक गोष्ट मात्र अचूक सांगू शकतात. ती म्हणजे आवाज नेमका केव्हा येतो, केव्हा वाढतो आणि केव्हा थांबतो. गाडी खोलण्यापूर्वी एवढे नीट टिपून ठेवले, तर निम्मे निदान तेथेच होते.

चार चाकांपर्यंत शक्ती पोहोचते कशी?

साध्या मोटारीत इंजिनाची शक्ती दोनच चाकांना मिळते. फोर-व्हील ड्राइव्ह गाडीत ती चारही चाकांना द्यावयाची असल्याने वाटेतील टप्पे वाढतात. इंजिनातून क्लच, क्लचमधून गिअरबॉक्स आणि तेथून ट्रान्सफर केस असा शक्तीचा प्रवास होतो. ट्रान्सफर केस ही शक्तीची वाटणी करणारी पेटी होय. तिच्यातून एक प्रोपेलर शाफ्ट मागे आणि दुसरा पुढे जातो. दोन्ही टोकांना एकेक डिफरन्शियल असते आणि त्यातून ॲक्सलमार्फत चाके फिरतात. या मार्गावर दात्यांच्या अनेक जोड्या, त्याहून अधिक बेअरिंगे आणि शाफ्टचे सांधे असतात. त्यांपैकी कोणीही गुणगुणू शकतो.

या गाड्यांचे स्थूलमानाने तीन प्रकार पडतात. जिप्सी, थार किंवा जिम्नीसारख्या ‘पार्ट टाइम’ गाड्यांमध्ये गरजेपुरती लीव्हरने किंवा बटणाने पुढची चाके जोडली जातात. २००९ मध्ये भारतात आलेल्या पहिल्या पिढीच्या फॉर्च्युनरसारख्या ‘फुल टाइम’ गाड्यांमध्ये चारही चाकांना सतत शक्ती मिळते आणि पुढच्या-मागच्या चाकांच्या फेऱ्यांमधील फरक मधले डिफरन्शियल सांभाळते. २०१४ मध्ये आलेल्या ‘ऑल-व्हील ड्राइव्ह’ डस्टरसारख्या गाड्यांमध्ये दुसरी जोडी आवश्यकतेनुसार आपोआप जोडणारे कपलिंग असते. निदानाला आरंभ करण्यापूर्वी आपली गाडी यांपैकी कोणत्या प्रकारची आहे, हे माहीत असणे आवश्यक आहे. कारण एका प्रकारात जो आवाज दोष ठरतो, तो दुसऱ्यात स्वाभाविक असू शकतो.

मेळघाटच्या रस्त्यांवर वर्षानुवर्षे धावणाऱ्या मारुती जिप्सीचेच उदाहरण घेता येईल. १९८५ मध्ये बाजारात आलेल्या या गाडीचे उत्पादन २०१९ मध्ये थांबले. पण जंगल सफारीसाठी तिचा वापर संपलेला नाही. या गाडीत ट्रान्सफर केस गिअरबॉक्सपासून वेगळी बसविलेली असून ‘हाय रेंज’मध्येही शक्ती दात्यांच्या जोड्यांतूनच पुढे जाते. त्यामुळे थोडीफार गुणगुण ही जिप्सीची जन्मजात सवयच आहे. ‘लो रेंज’मध्ये येणारा मोठा आवाज तर बहुतेक सर्व जीपवर्गीय गाड्यांत स्वाभाविक असतो. म्हणूनच आवाज आहे की नाही, हा खरा प्रश्न नसतो. काल नसलेला आवाज आज आला आहे काय किंवा कालचा आवाज आज बदलला आहे काय, हे पाहावे लागते.

दात्यांचे साधे गणित

गुणगुण निर्माण होते ती दाता दात्यावर येण्याने. दोन चक्रांचे दाते एकमेकांत बसताना प्रत्येक वेळी सूक्ष्म धक्का बसतो. हे धक्के सेकंदाला शेकड्याने बसू लागले, की कानाला त्यांचा अखंड सूर ऐकू येतो.

समजा, गाडीचा टायर एका फेरीत २.२ मीटर अंतर कापतो. ताशी ६० किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे १६.७ मीटर. याचा अर्थ चाक सेकंदाला साधारण साडेसात फेऱ्या घेते. डिफरन्शियलमधील मोठ्या चक्राला, म्हणजे क्राउनला ४१ दाते असतील, तर सेकंदाला सुमारे ३१० वेळा दाता दात्यावर येईल. ८० च्या वेगाला हीच संख्या सुमारे ४१० होईल. चाकाचे बेअरिंग मात्र चाकाच्याच गतीने फिरते, त्यामुळे त्याचा आवाज स्वच्छ सुरासारखा न येता खालच्या पट्टीतील घरघरीसारखा येतो. प्रोपेलर शाफ्ट चाकाच्या साधारण चौपट वेगाने फिरतो. त्यातील असमतोल कानापेक्षा आसनाला आणि पायाखालच्या पत्र्याला अधिक जाणवतो.

या गणिताचा व्यवहारात उपयोग असा, की स्वच्छ, चढता-उतरता सूर असेल तर संशय दात्यांवर जातो. खरखरीत घरघर असेल तर बेअरिंगवर. आणि थरथर असेल तर शाफ्ट, त्याचा क्रॉस किंवा चाकाचा समतोल यांवर. ध्वनीची कंपनसंख्या दाखविणारी ॲप आता मोबाइलवरही मिळतात. शेजारी बसलेल्या व्यक्तीने ठरावीक वेगाला दिसणारा आकडा टिपून ठेवला, तर मिस्त्रीला त्याची मदत होऊ शकते.

पहिली कसोटी : इंजिन की चाके?

सर्वांत आधी आवाज इंजिनाच्या फेऱ्यांशी बांधलेला आहे की गाडीच्या वेगाशी, हे ठरविले पाहिजे. गाडी उभी असताना, गिअर न टाकता ॲक्सिलरेटर दाबल्यावर तोच आवाज आला, तर डिफरन्शियलचा त्याच्याशी संबंध नाही. अशा वेळी आल्टरनेटर, पट्टे, स्टिअरिंगचा पंप, ए.सी.चा कॉम्प्रेसर किंवा टर्बो तपासावा. उभ्या गाडीतील आवाज क्लच दाबताच थांबत असेल, तर गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचे बेअरिंग संशयित ठरते. उलट, क्लच दाबल्यावरच आवाज सुरू होत असेल, तर क्लचचे रिलीज बेअरिंग झिजलेले असण्याची शक्यता मोठी.

चालत्या गाडीसाठी सोपी आणि सुरक्षित पद्धत म्हणजे एकाच वेगाला गिअर बदलून पाहणे. ताशी ६० च्या वेगाने आधी पाचव्या आणि मग चौथ्या गिअरमध्ये गाडी चालवावी. वेग तोच, पण इंजिनाच्या फेऱ्या बदललेल्या. गुणगुणीचा सूर बदलला नाही, तर दोष गिअरबॉक्सच्या पुढे, म्हणजे ट्रान्सफर केस, शाफ्ट, डिफरन्शियल, बेअरिंग किंवा टायर यांत आहे. सूर इंजिनाबरोबर चढला, तर गिअरबॉक्सच्या अलीकडे पाहावे. अनेक जीपवर्गीय गाड्यांत चौथा गिअर ‘डायरेक्ट’ असतो, म्हणजे त्यात गिअरबॉक्समधील दात्यांच्या जोडीवर भार येत नाही. इतर गिअरमधील गुणगुण फक्त चौथ्यात नाहीशी होत असेल, तर गिअरबॉक्सचे आतील दाते किंवा त्याखालच्या शाफ्टची बेअरिंगे तपासणे योग्य ठरेल.

काही जण गाडी ‘न्यूट्रल’ करून ऐकतात. सरळ, सपाट आणि मोकळ्या रस्त्यावर मॅन्युअल गिअरच्या गाडीत थोडा वेळ तसे करण्यास हरकत नाही. परंतु घाटात हा प्रयोग कदापि करू नये. इंजिनही कोठेच बंद करू नये. इंजिन बंद होताच स्टिअरिंग जड होते आणि ब्रेकला मिळणारी मदत संपते. ऑटोमॅटिक गाड्यांच्या बाबतीत ही चाचणी वर्कशॉपवर सोपवावी.

टायरचा आवाज महामार्गावरच ओळखावा

डिफरन्शियल उघडले जाते आणि नंतर दोष टायरमध्ये असल्याचे लक्षात येते, ही गोष्ट काही दुर्मीळ नाही. चिखलात पकड घेण्यासाठी बनविलेले मोठ्या खाचांचे टायर डांबरी रस्त्यावर मुळातच गुणगुणतात. सस्पेन्शन ढिले असेल किंवा चाकांचे संरेखन बिघडले असेल, तर टायर खाचाखोचांनी, लाटांसारखा झिजतो आणि त्याचा आवाज हुबेहूब खराब बेअरिंगसारखा येतो.

ही चाचणी घेण्यास वऱ्हाडातील रस्ते सोयीचे आहेत. राष्ट्रीय महामार्ग ५३ वर अमरावती-अकोला दरम्यान जून २०२२ मध्ये ७५ किलोमीटर लांबीच्या एका मार्गिकेवर सलग डांबरीकरणाचे काम १०५ तास ३३ मिनिटांत पूर्ण करण्यात आले आणि त्याची नोंद ‘गिनेस’मध्ये झाली. दुसरीकडे, अमरावती जिल्ह्यातून जाणारा समृद्धी महामार्ग सिमेंट काँक्रीटचा आहे. एकाच वेगाने डांबरी आणि काँक्रीटच्या रस्त्यावर गाडी चालवून पाहावी. पृष्ठभाग बदलताच आवाजाचा पोत बदलला, तर तो टायरचा आहे. डिफरन्शियलला किंवा बेअरिंगला रस्ता कशाचा आहे, याचे सोयरसुतक नसते. तरीही शंका उरली, तर पुढचे टायर मागे आणि मागचे पुढे लावून पाहावेत. आवाजाने जागा बदलली, म्हणजे दोषी सापडला. या तपासणीला फारसा खर्च येत नाही.

घाटाची चढण आणि उतरण

टायर निर्दोष ठरल्यानंतर भाराची कसोटी घ्यावयाची. परतवाड्याहून चिखलदऱ्याकडे जाणारा घाट त्यासाठी सर्वांत उपयोगी. चढताना इंजिन चाकांना ढकलत असते, उतरताना खालच्या गिअरमध्ये चाके इंजिनाला ढकलत असतात. डिफरन्शियलमधील क्राउन आणि पिनियन यांचे दाते चढणीला एका बाजूने आणि उतरणीला दुसऱ्या बाजूने एकमेकांवर टेकतात. त्यामुळे दात्याची कोणती बाजू बिघडली आहे, याचा अंदाज आवाजावरून येतो.

केवळ चढणीला किंवा ॲक्सिलरेटर दाबल्यावर सूर येत असेल, तर क्राउन-पिनियनच्या पुढे ढकलणाऱ्या बाजूची झीज अथवा त्यांची चुकीची जुळणी संभवते. ॲक्सिलरेटर सोडल्यावर, उतरणीला आवाज वाढत असेल, तर पिनियनचे बेअरिंग किंवा त्याचा नट ढिला झाला असण्याची शक्यता तपासावी. चढण असो, उतरण असो वा सपाट रस्ता; आवाज जराही बदलत नसेल, तर दात्यांपेक्षा चाकाच्या बेअरिंगकडे लक्ष द्यावे.

क्राउन आणि पिनियन ही जोडी जात्याच्या दोन तळ्यांसारखी असते. कारखान्यात ती एकमेकींवर घासून जुळविलेली असते. त्यातील एकच भाग नवा घालणे म्हणजे नवा बिघाड विकत घेणे होय. ही जोडी नेहमी एकत्र बदलावी लागते, ती बसविताना मायक्रोमीटर आणि डायल गेज लागतात आणि दात्यांवर रंग लावून त्यांचा ठसा तपासावा लागतो. हे काम महाग आणि कौशल्याचे आहे. म्हणूनच त्यापूर्वीच्या स्वस्त चाचण्या टाळू नयेत.

वळण देते साक्ष

बेअरिंगचा दोष वळणावर उघड होतो. गाडी डावीकडे वळते, तेव्हा तिचा भार उजव्या चाकांवर जातो. डाव्या वळणावर घरघर वाढत असेल, तर बहुधा उजव्या बाजूचे बेअरिंग खराब असते. उजव्या वळणावर वाढत असेल, तर डाव्या बाजूचे. मोकळ्या रस्त्यावर मध्यम वेगाने स्टिअरिंग किंचित इकडे-तिकडे करून हा फरक ऐकता येतो. आवाज केवळ वळणावरच येत असेल आणि सरळ रस्त्यावर पूर्ण थांबत असेल, तर डिफरन्शियलमधील लहान चक्रे संशयित ठरतात, कारण ती सरळ रस्त्यावर एकमेकांवर जवळपास फिरतच नाहीत. वळताना ‘कटकट’ असा आवाज येत असेल, तर पुढच्या ॲक्सलचे सांधे तपासावेत.

लांबचा प्रवास करून आल्यावर चारही चाकांच्या हबजवळ, प्रत्यक्ष स्पर्श न करता, हात नेऊन पाहावा. एकच हब इतरांपेक्षा लक्षणीय गरम असेल, तर तेथील बेअरिंग आवळले गेले आहे किंवा ब्रेक चिकटून राहतो आहे, असे समजावे.

पुढची जोडी : येथेच खरी गोम

फोर-व्हील ड्राइव्ह गाडीतील आवाजाची खरी गुंतागुंत पुढच्या बाजूला असते. ‘टू-व्हील’मध्ये गाडी असताना पुढचे डिफरन्शियल स्वस्थ बसलेले असते, असा अनेकांचा समज आहे. तो नेहमी बरोबर नसतो. ज्या गाड्यांना पुढच्या चाकांवर सुटे होणारे ‘फ्री-व्हील हब’ नाहीत, त्यांच्यात चाकांबरोबर पुढचे ॲक्सल, क्राउन-पिनियन आणि शाफ्ट ‘टू-व्हील’मध्येही फिरत राहतात. साहजिकच भार नसतानाही तेथील झिजलेले बेअरिंग आवाज करू शकते.

ज्या गाड्यांना असे हब आहेत, त्यांच्यासाठी निदान फारच सोपे आहे. हब ‘फ्री’ करून गाडी चालवावी, नंतर ‘लॉक’ करून, परंतु लीव्हर ‘टू-व्हील’मध्येच ठेवून पुन्हा चालवावी. ‘फ्री’ असताना आवाज बंद आणि ‘लॉक’ केल्यावर सुरू, असे झाले तर दोष पुढच्या भागात असल्याचे सिद्ध होते. हब नसलेल्या पार्ट टाइम गाड्यांत वर्कशॉपमध्ये पुढचा प्रोपेलर शाफ्ट तात्पुरता काढून हीच परीक्षा घेतात. फुल टाइम किंवा आपोआप जोडल्या जाणाऱ्या प्रणालीत मात्र उत्पादकाची सूचना पाहिल्याशिवाय शाफ्ट काढू नये.

चिखलदऱ्याचा चिखल ओलांडण्यासाठी ‘फोर-व्हील’ टाकली आणि परतवाड्याच्या डांबरी रस्त्यावर उतरल्यावर ती काढायची राहून गेली, हा प्रकारही सर्रास घडतो. पार्ट टाइम गाडीत पुढच्या आणि मागच्या शाफ्टची गती सक्तीने सारखी असते. वळणावर मात्र पुढची चाके मागच्यांपेक्षा अधिक अंतर कापतात. चिखलात किंवा मुरमावर चाक घसरून हा फरक मोकळा होतो. कोरड्या डांबरावर तो मोकळा होण्यास जागा नसते आणि सारी यंत्रणा पिळवटली जाते. स्टिअरिंग जड होते, गाडी अडखळते, लीव्हर निघत नाही आणि गुणगुणीत वाढ होते. अशा वेळी लीव्हरशी झटापट न करता सरळ रेषेत थोडे मागे-पुढे केल्यास ताण सुटतो. हे वारंवार घडत राहिले, तर ट्रान्सफर केसचे दाते, साखळी आणि बेअरिंगे झिजतात.

विसंगत टायरचा छुपा खर्च

दोनच टायर नवे घालून काटकसर करणे साध्या मोटारीत चालून जाते. ऑल-व्हील ड्राइव्ह गाडीत ते महागात पडू शकते. टायरचा व्यास ७०० मिलिमीटर धरला आणि झिजून त्याच्या नक्षीची खोली ८ वरून ३ मिलिमीटरवर आली, तर व्यास १० मिलिमीटरने घटतो. अमरावती ते अकोला हे अंतर साधारण १०० किलोमीटर धरल्यास नवा टायर सुमारे ४५ हजार ५०० फेऱ्या घेईल, तर झिजलेला त्याहून सुमारे ६६० फेऱ्या अधिक. पुढची जोडी झिजलेली आणि मागची नवी असेल, तर हा सारा फरक मधल्या डिफरन्शियलला किंवा कपलिंगला अखंड सोसावा लागतो. ते तापते, त्यातील ऑइल जळते आणि काही महिन्यांनी गुणगुण सुरू होते. चारही टायर एकाच मापाचे, एकाच नक्षीचे आणि शक्य तितके सारखे झिजलेले असावेत, या नियमामागचे कारण हेच. हवेचा दाबही उत्पादकाने सांगितल्याप्रमाणेच असावा.

काळी माती, नाले आणि ऑइल

वऱ्हाडातील गाड्यांच्या बाबतीत ऑइलची तपासणी हा सर्वांत महत्त्वाचा भाग ठरतो. याला येथील निसर्ग कारणीभूत आहे. डिफरन्शियलच्या पेटीला हवा आत-बाहेर जाण्यासाठी ब्रीदर नावाची छोटी नळी असते. काळ्या मातीचा चिखल त्यावर बसून वाळला, की ती बुजते. गाडी तापल्यावर आतील हवा प्रसरण पावते, तिला वाट मिळत नाही आणि ती ऑइल सीलमधून ऑइल बाहेर ढकलते. ऑइल कमी झाले, की दाते आणि बेअरिंगे कोरडी पडू लागतात.

पावसाळ्यात याच्या उलट घडते. तापलेले डिफरन्शियल मेळघाटातील सिपना, गडगा यांसारख्या नद्या-नाल्यांच्या थंड पाण्यात बुडाले, की आतील हवा आकुंचन पावते आणि पाणी आत ओढले जाते. पाणी मिसळलेले ऑइल दुधाळ, दूध घातलेल्या कॉफीसारखे दिसते. अशा ऑइलमध्ये वंगण देण्याची शक्ती उरत नाही आणि गाडी काही आठवडे उभी राहिली, तर बेअरिंगवर गंज धरतो. पाण्यातून गाडी नेल्यास ऑइल पाहिल्याशिवाय पुढचा लांबचा प्रवास करू नये.

उन्हाळ्यात अकोला-अमरावतीचा पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. ऑइल आधीच कमी किंवा जुने असेल, तर उष्णतेने ते अधिकच पातळ होते. सकाळी गप्प असलेली गाडी तासाभराच्या प्रवासानंतर गुणगुणू लागते, तेव्हा प्रथम ऑइलची पातळी पाहावी.

ऑइल काढल्यावर ते फेकून देण्यापूर्वी पांढऱ्या कापडावर घ्यावे. तळाच्या बोल्टवरील चुंबकाला चिकटलेली पिठासारखी बारीक धातूची पूड ही नेहमीची झीज समजावी. नखाएवढे पापुद्रे किंवा दात्याचे तुकडे दिसले, तर पेटी उघडणे अपरिहार्य आहे. गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस आणि डिफरन्शियल यांना एकाच प्रकारचे ऑइल चालतेच असे नाही. डिफरन्शियलच्या तिरप्या दात्यांना सामान्यतः ‘जीएल-५’ दर्जाचे ऑइल लागते. तेच ऑइल काही गिअरबॉक्समधील पितळी कड्यांना मात्र मानवत नाही. त्यामुळे एकाच डब्यातून सर्वत्र ऑइल भरू न देता गाडीसोबतच्या पुस्तिकेत पाहूनच भरून घ्यावे. जुनी गाडी विकत घेताना तर विशेष सावध राहावे. आवाज दाबण्यासाठी जाड ऑइल भरण्याची क्लृप्ती जुनी आहे, म्हणून गाडी चांगली तापेपर्यंत चालवूनच सौदा करावा.

वर्कशॉपमध्ये काय मागावे?

मोठ्या वर्कशॉपमध्ये संशयित जागांवर लहान मायक्रोफोन चिकटवून चालत्या गाडीत एकेका जागेचा आवाज ऐकण्याचे उपकरण वापरता येते. लहान गॅरेजमध्ये मेकॅनिकचा स्टेथोस्कोप तेच काम बऱ्याच अंशी करतो. पुण्यातील ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया या १९६६ मध्ये स्थापन झालेल्या संस्थेत वाहनांचा आवाज आणि कंपने यांवर स्वतंत्र काम चालते. मात्र प्रयोगशाळेतील यंत्र असो वा गॅरेजमधील स्टेथोस्कोप, तर्क तोच : एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि आवाज बदलतो का, ते पाहावे.

येथे सुरक्षिततेची एक सूचना अत्यंत महत्त्वाची आहे. चारही चाकांना शक्ती मिळत असलेली गाडी केवळ एका बाजूने जॅकवर उचलून गिअरमध्ये फिरवू नये. जमिनीवर टेकलेले चाक गाडीला जॅकवरून ओढून नेऊ शकते आणि खाली काम करणाऱ्याच्या जिवावर बेतू शकते. चारही चाके अधांतरी असणारी लिफ्ट किंवा भक्कम स्टँड असतील, तरच ही तपासणी करावी. गाडी बंद पडून ओढून न्यावयाची असेल, तेव्हाही दोन चाके उचलून नेण्याऐवजी पूर्ण गाडी वाहून नेणारे वाहन मागवावे.

दुर्लक्ष कोठवर करावे?

साधी, न बदलणारी गुणगुण घेऊन गाडी अनेक वर्षे धावू शकते. परंतु आवाज आठवड्यागणिक वाढत असेल, तर तो इशारा समजावा. पिनियनचे बेअरिंग पूर्ण मोडले, तर डिफरन्शियल चालत्या गाडीत जागच्या जागी आवळले जाऊ शकते. चाकाचे बेअरिंग मोडले, तर चाकावरचा ताबा सुटतो. घाटातील वळणावर यांपैकी काहीही घडले, तर त्याची किंमत दुरुस्तीच्या बिलात मोजता येणार नाही. मेळघाटात अनेक ठिकाणी मोबाइलला रेंज मिळत नाही, याचाही विचार करणे आवश्यक आहे. ज्यांचा संसार सफारीच्या गाडीवर चालतो, त्यांच्यासाठी तर वेळीच बदललेले एक बेअरिंग म्हणजे गाडी उभी राहिल्याने बुडणारी कित्येक दिवसांची मजुरी वाचविणे होय.

चौकट : गॅरेजमध्ये जाण्यापूर्वी हे टिपून न्यावे

- आवाज कोणत्या वेगाला सुरू होतो आणि कोणत्या वेगाला थांबतो?
- त्याच वेगाला गिअर बदलल्यास सूर बदलतो काय?
- चढणीला वाढतो, उतरणीला वाढतो, की दोन्हींकडे सारखाच राहतो?
- डाव्या आणि उजव्या वळणावर काय फरक पडतो?
- ‘टू-व्हील’ आणि ‘फोर-व्हील’मध्ये आवाज वेगळा येतो काय?
- डांबरी आणि काँक्रीटच्या रस्त्यावर वेगळा येतो काय?
- गाडी थंड असताना येतो, की तापल्यावर?
- अलीकडे टायर बदलले, ऑइल बदलले किंवा गाडी पाण्यातून नेली होती काय?

आवाजाबरोबर थरथर, जळका वास, तळाशी ऑइलची गळती किंवा एखादे चाक तापलेले आढळल्यास मात्र चाचण्यांच्या भरीस पडू नये. गाडी सुरक्षित जागी थांबवावी आणि मिस्त्रीलाच तेथे बोलवावे.